खलातले औषध आणि आपली हरकत

सप्रेम नमस्कार. काही रुग्णांसाठी औषध फार्मासिस्टने दुकानातच बनवून द्यावे, असे मी लेखात लिहिले होते. कारखान्यात तपासून निघालेली औषधे गावोगावी मिळत असताना फार्मासिस्टने दुकानात खल-बत्ता घेऊन औषध बनवणे (कंपाउंडिंग) म्हणजे रुग्णाच्या जिवाशी खेळ आहे, आणि 2012 सालची अमेरिकेतील दुर्घटना मी लेखात वगळली, अशी हरकत आपण अमळनेरहून नोंदवली आहे. वगळल्याचा दोष मला मान्य आहे. मॅसॅच्युसेट्समधील न्यू इंग्लंड कंपाउंडिंग सेंटरच्या स्टेरॉइड इंजेक्शनांत बुरशी शिरली, साडेसातशेहून अधिक माणसे आजारी पडली आणि साठांहून अधिक दगावली. मात्र तेथे एका रुग्णाच्या चिठ्ठीपुरते औषध बनत नव्हते. हजारो कुप्या अनेक राज्यांत जात होत्या, म्हणजे कंपाउंडिंगच्या नावाखाली कारखानाच चालला होता.

मी लिहिले ते नंदुरबारकडच्या सिकलसेल या रक्ताच्या आनुवंशिक आजाराने ग्रस्त लेकरांविषयी. त्यावरच्या हायड्रॉक्सियुरिया या औषधाची कॅप्सूल सर्रास मिळते ती 500 मिलिग्रॅमची, आणि दहा किलो वजनाच्या बाळाला दिवसाला लागतात साधारण 150 ते 200. आईने कॅप्सूल उघडून अंदाजाने निम्मी भुकटी दिली, तरी मात्रा 250 होते. रोज जास्त गेलेल्या मात्रेने रक्तपेशी घटतात. शिवाय ही भुकटी हाताळणे धोक्याचे, त्यातून ती माउली गरोदर असेल तर फारच. औषध मिसळले जातेच आहे, फक्त ते चुलीपाशी मिसळले जाते! हातमोजे घालून, काट्यावर तोलून फार्मासिस्टने एका मिलिलिटरात 100 मिलिग्रॅमचे पातळ औषध बनवले, तर बिनसुईच्या सिरिंजने दोन मिलिलिटर मोजून देणे त्याच आईला जमते. बाटली मात्र दर वेळी नीट हलवायला हवी.

उन्हाळ्यात असे औषध बिघडेल, हा आपला मुद्दा रास्त आहे. अमेरिकी औषधकोशाच्या सर्वसाधारण नियमाप्रमाणे, टिकाऊपणाचा वेगळा पुरावा नसेल तर परिरक्षक (औषध बिघडू नये म्हणून घालायचा पदार्थ) न घातलेले पाण्यातले तोंडी औषध फ्रिजमध्येही 14 दिवसच ठेवावे. आपल्याकडे मे महिन्यात पारा 45 अंशांवर जातो आणि पाड्यावर फ्रिज नसतो, तेव्हा टिकाऊपणाची खात्री झाल्याखेरीज असे औषध घरी देऊच नये.

फार्मसी अधिनियम, 1948 च्या कलम 42 नुसार डॉक्टरांच्या चिठ्ठीवरील औषध बनवणे, मिसळणे वा देणे हे नोंदणीकृत फार्मासिस्टचेच काम आहे. जेथे भिंतीवर प्रमाणपत्र एकाचे आणि काउंटरवर माणूस दुसराच, तेथे आपली भीती खरी आहे, आणि तेथे खलाला हातही लागू नये. निर्जंतुक इंजेक्शने तर साध्या औषध दुकानात बनवूच नयेत. ते वाक्य मी मूळ लेखात आज घातले आहे.