मीटरवरची लाईट विझवली म्हणून बेल्ट नवा होत नाही

परवा सकाळी जांबोटीहून मामांचा फोन आला. आवाजात खुशी. "चौदा हजार वाचवले बघ. टी-बेल्टची लाईट लागली होती, घालवली. मीटरचं बटण दाबून धरलं की जात्या की रे." हे कुणी शिकवलं म्हणून विचारलं, तर त्यांनी एक मेसेज पुढे ढकलला. तो मेसेज त्या आठवड्यात मला आणखी चौघांकडून आला होता. वाचला आणि सोडून दिला होता. आता सोडता येत नाही. मामांची इनोव्हा भाड्यानं चालते. बेळगावच्या सांबरा विमानतळावरून माणसं घेऊन गोव्याला, आठवड्यातून दोन-तीनदा चोर्ल्याचा घाट. मागच्या सीटवर लोकांची लेकरं असतात.

मेसेजचं म्हणणं थोडक्यात असं. टायमिंग बेल्ट, म्हणजे इंजिनाचा खालचा आणि वरचा भाग एका तालात फिरवणारा रबरी पट्टा, नऊशे रुपयांचा, बसवायला अर्धा तास, आणि गॅरेजवाले चौदा हजार घेतात. मीटरमधली टी-बेल्टची, म्हणजे याच टायमिंग बेल्टची, लाईट ही कंपनीची युक्ती आहे, बेल्ट चांगला असला तरी लागते, बटणानं घालवा. स्विफ्ट डिझेलवाले अडीच लाख किलोमीटर चालवतात, त्यांनी कधी बेल्ट बदललाय का? बेल्ट तुटायच्या आधी आवाज करतो, तेव्हा बघू. आणि तुटलाच तर नवा टाकायचा, काम झालं.

माझं उद्यमबागेजवळ गॅरेज आहे. तेव्हा "तू गॅरेजवाला, तू असंच सांगणार की," हे मामांनी मला ऐकवून झालंय. म्हणून माझ्या शब्दावर जाऊ नका, गाडीबरोबर मिळालेलं पुस्तक उघडा. अडीच लिटर डिझेल इनोव्हाला कंपनीनं टायमिंग बेल्ट दर १ लाख किलोमीटरला बदलायला सांगितलाय. माझ्यासारख्या गॅरेजवाल्यानं नाही, ज्यांनी इंजिन बनवलं त्यांनी. मामांच्या गाडीचा पहिला बेल्ट आधीच्या मालकानं लाख किलोमीटरला बदलला होता, त्याची चिठ्ठी अजून बॉनेटखाली चिकटवलेली आहे. दुसरी लाईट २ लाखाला लागली ती बरोबर वेळेवर लागली. आज मीटर २ लाख ७ हजारावर आहे.

लाईटबद्दल मेसेजमध्ये एक गोष्ट खरी आहे, ती मी मान्य करतो. त्या लाईटची एकही वायर बेल्टपर्यंत जात नाही. बेल्ट चिरलाय की ठणठणीत आहे, हे तिला कळत नाही. ती फक्त किलोमीटर मोजते. पण याचा अर्थ मेसेजनं नेमका उलटा काढलाय. लाईट आतलं काही बघत नाही, म्हणूनच ती घालवून आतलं काही बदलत नाही. बटण दाबल्यावर मोजणी पुन्हा शून्यापासून सुरू होते, म्हणजे पुढची लाईट थेट ३ लाखाच्या पुढे. बेल्ट बदलल्यावर मिस्त्रीनं नवी मोजणी लावावी म्हणून ती सोय ठेवली आहे. बेल्ट न बदलता ती वापरली तर गाडीत आठवण करून देणारं दुसरं काहीच उरत नाही. उद्या मामांनी ही गाडी विकली, तर घेणाऱ्याला वाटेल सगळं वेळेवर झालंय.

"तुटला तर नवा टाकायचा" या ओळीचा मला सगळ्यात जास्त राग आहे. हा बेल्ट पंख्याचा नव्हे. खाली क्रँक (पिस्टन ज्याला जोडलेले असतात तो दांडा) दोनदा फिरला की वर कॅम (व्हॉल्व्ह उघडणारा दांडा) एकदा फिरला पाहिजे, ती गाठ हा बेल्ट सांभाळतो. डिझेल इंजिनात पिस्टन वर आला की त्याच्यात आणि हेडमध्ये, म्हणजे इंजिनाच्या वरच्या भागात, जागा जवळजवळ राहतच नाही. बेल्ट तुटला की कॅम जागच्या जागी थांबतो, काही व्हॉल्व्ह उघडे राहतात आणि खालून पिस्टन येऊन त्यांच्यावर आदळतो.

दोन वर्षांपूर्वी डिसेंबरात अशीच एक इनोव्हा कणकुंबीच्या अलीकडून टोचन करून माझ्याकडे आणली होती. ड्रायव्हर सांगत होता, "आवाज नाही, काही नाही, चालता चालता बंद." हेड उतरवलं. सोळा व्हॉल्व्ह काढून बाकावर ओळीनं मांडले आणि एकेकाची दांडी काचेवर ठेवून बोटानं फिरवली. सरळ दांडी गुळगुळीत फिरते. वाकलेल्या दांडीखाली एका बाजूनं उजेडाची फट दिसते आणि ती टकटक वाजते. सोळापैकी अकरा दांड्या वाजल्या. हेड उद्यमबागेत मशीनवर पाठवलं, गाईड, सील, पॅकिंग, सगळं नवं. बिल ६८ हजार, आणि ऐन सीझनमध्ये गाडी बारा दिवस उभी. मालकाचा हप्ता थांबला नव्हता.

तरी ती गाडी चढावर होती. उतारावर इंजिन बंद पडलं तर स्टिअरिंग जड होतं आणि दोन-तीनदा ब्रेक दाबल्यावर पेडल दगडासारखं होतं, कारण ब्रेकला मिळणारी मदत इंजिन चालू असेपर्यंतच असते. चोर्ल्याच्या वळणांवर, पावसात, माणसं भरलेली असताना. हा मेसेज लिहिणाऱ्यानं हे डोळ्यांपुढे आणलं असतं तर त्याचा हात थांबला असता असं मला वाटतं.

स्विफ्टचं उदाहरण तर मुळातच चुकलंय. स्विफ्ट आणि डिझायरच्या १.३ डिझेल इंजिनात टायमिंग बेल्ट नाहीच, लोखंडी चेन आहे. जो बेल्ट गाडीत नाही तो कोण बदलणार? इनोव्हा क्रिस्टाच्या २.४ इंजिनातही चेन आहे, त्यामुळे क्रिस्टावाल्यांनी हा खर्च मनातून काढून टाकावा. पण जुनी अडीच लिटर इनोव्हा, डस्टर डिझेल, जुनी इंडिका डिझेल, १.१ ची सँट्रो, ८०० सीसी आल्टो, यांच्यात रबरी बेल्ट आहे. आपल्या गाडीत काय आहे ते आधी विचारा.

आवाजाचं म्हणाल, तर सकाळी थंडीत गाडी चालू केल्यावर जो चीं चीं आवाज येतो तो बाहेरच्या पंख्याच्या, अल्टरनेटरच्या बेल्टचा. टायमिंग बेल्ट दातांचा असतो, झाकणाच्या आत असतो, तो गुपचूप झिजतो. आवाज आलाच तर आयडलर (बेल्टला वाट देणारं चाक) किंवा टेन्शनरच्या (बेल्ट ताणून धरणाऱ्या भागाच्या) बेअरिंगचा येतो, आणि तोवर उशीर झालेला असतो. कॅमचं ऑइल सील गळून बेल्टवर तेल येत असेल तर तो लाखाचीही वाट बघत नाही.

आता पैसे आणि वेळ. अर्ध्या तासात नुसतं झाकण उघडून बेल्ट बघून होईल. इनोव्हात बेल्ट वरच्या अंगाला आहे, क्रँकची पुली काढावी लागत नाही, त्यामुळे दीड-दोन तासांत नीट काम होतं. डस्टरमध्ये इंजिन आडवं. उजवं चाक काढा, खालून जॅक लावून इंजिनचं माउंटिंग सोडा, कॅम आणि क्रँक पिन घालून लॉक करा. त्याला चार-पाच तास लागतात, आणि पाण्याचा पंप याच बेल्टवर फिरत असल्यानं तोही त्याच वेळी बदललेला बरा. बेल्ट चढवला की काम संपत नाही. पुलीवरच्या खुणा, म्हणजे मार्किंग, जुळवून इंजिन हातानं, पान्यानं, पूर्ण दोन फेरे फिरवायचं आणि मार्किंग पुन्हा तिथेच येतं का बघायचं. एक दात जरी चुकला तरी सगळं परत उघडायचं. घाई करणाऱ्या मिस्त्रीकडे हे काम देऊ नका.

माझ्याकडे इनोव्हाचा बेल्ट आणि आयडलर मिळून साडेतीन-चार हजार होतात, टेन्शनर गळत असेल तर त्याचे वेगळे तीन-चार, मजुरी दीड-दोन हजार. नऊशेला मिळतो तो बेल्ट मी पाहिलाय. डबा अगदी खऱ्यासारखा, पण बेल्टवरची छपाई नखानं खरवडली तर निघते. बेअरिंग जुनंच ठेवून फक्त बेल्ट टाकणारे असतात. आयडलर अडकला तर नवा बेल्टही जाळतो, आणि उघडायची मजुरी दुसऱ्यांदा पडते.

आणि चौदा हजार? कुणीतरी घेतले असतील, नाही म्हणत नाही. मामांनी मला एका ठिकाणचं अंदाजपत्रक दाखवलं. त्यात टायमिंग बेल्टबरोबर पाण्याचा पंप "सक्तीनं" घातला होता. या इनोव्हात पाण्याचा पंप टायमिंग बेल्टवर नाही, बाहेरच्या बेल्टवर आहे. गळत नसेल तर हात लावायची गरज नाही. ही ओळ खोडायला सांगा, भांडून खोडायला सांगा. पण त्या एका ओळीच्या रागात बेल्टच टाळायचा, हे चालणार नाही.

मामा, मंगळवारी गाडी घेऊन या. तोवर चोर्ल्याचं भाडं घेऊ नका, मामींना मी तसं सांगून ठेवलंय. सकाळी दहाला दिली तर जेवायच्या आत तयार होईल. काम तुमच्यासमोर करतो. जुना बेल्ट काढला की तुमच्या हातात देतो, उलटा वाकवून दातांच्या मुळाशी चिरा पडल्यात का ते तुम्हीच बघा.