२०१६ च्या उष्णतेचा आकडा ‘कापला’ नाही

इंदूरच्या मराठी व्हॉट्सॲप गटांत संदेश फिरतोय: “२०१६ साल सरासरीपेक्षा ०.९१ अंशाने गरम म्हणाले, मग ०.७१, आता ०.५४. हवामान खात्याने तापमानवाढ गुपचूप उतरवली.” आकडे बरोबर, निष्कर्ष चूक. बदलली ती तुलनेची तीस वर्षं: आधी १९६१-९०, मग १९८१-२०१०, आता १९९१-२०२०. ही सरासरीच तापत गेली, म्हणून फरक आकसला; संदेश लिहिणाऱ्याने नकळत वाढीचाच पुरावा दिलाय! दोन वर्षं ताडायची तर पाया एकच धरा. १९९१-२०२० च्या तुलनेत २०२४ चं देशाचं सरासरी तापमान ०.६५ अंशाने जास्त, म्हणजे २०१६ च्याही वर. त्यात कमाल ०.२० अंशाने चढलं, किमान मात्र ०.९० अंशाने. दुपारच्या उन्हावरून अंदाज बांधणाऱ्यांना हे कळत नाही ते यामुळेच.