आमच्याकडं फक्त खोबरेल गोठतं

बेळगावची थंडी पेपरात वाचून कळत नाही. किमान १३ अंश छापून येतं आणि हेलसिंकीत राहणारा आमचा भाचा फोनवर हसतो, मामा, १३ म्हणजे आमच्याकडची उन्हाळ्यातली रात्र हो. असेल की. पण तुला त्या १३ मध्ये गच्चीवरच्या टाकीतलं पाणी पहाटे डोक्यावर घ्यावं लागत नाही ना बाबा.

ही टाकी रात्रभर उघड्या आभाळाखाली उभी राहून दिवसभराची सगळी ऊब आभाळाला देऊन टाकते, आणि सकाळी नळातून जे काही येतं त्याला पाणी म्हणायचं म्हणून म्हणायचं. आईच्या माहेरी, खानापूरकडं, त्याच वेळी विहिरीतून वाफा निघताना दिसतात आणि पाणी कोमट लागतं, कारण थंडी तेवढ्या खाली पोचतच नाही. आमच्याकडं सोलर आहे, नाही असं नाही. पण पहिल्या नंबरला गेलं की पाइपातलं गार पाणी निघेपर्यंत कुडकुडत उभं राहायचं, शेवटच्या नंबरला गरम काही उरत नाही, आणि मधले नंबर आई नि बायको आपसात ठरवून मोकळ्या होतात. मग राहिला आजोबांचा तांब्याचा बंब. त्याचा नियम असा की ज्याला थंडी जास्त वाजते त्यानंच उठून पेटवायचा.

एवढं करून डोक्याला तेल लावावं तर बाटली उलटी धरून बसा! खोबरेल २४-२५ अंशांच्या खाली गेलं की थिजतं. म्हणजे गोठण्याच्या बाबतीत बेळगावला जे काही करायचंय ते या बाटलीनंच करायचं.

मध्यंतरी भाच्यानं फोटो पाठवला, लोक समुद्रावर चालत निघालेत, कुणी कुत्रं घेऊन. आई म्हणाली, खारं पाणी कुठं गोठतं होय रे? झालं, व्हिडिओ कॉलवर क्लासच सुरू झाला. गोडं पाणी ४ अंशाला सगळ्यात जड असतं, त्याच्या खाली गेलं की हलकं होऊन वरच राहतं, म्हणून तळं वरून गोठतं आणि मासे खाली सुखात. समुद्राच्या किलोभर पाण्यात ३५ ग्रॅमच्या आसपास मीठ, त्यामुळं ते शून्याला गोठत नाही, उणे १.९ च्या आसपास जावं लागतं, आणि गोठेपर्यंत जडच होत जातं, म्हणजे वरचं गार पाणी बुडतं, खालचं उबदार वर येतं, लई वेळ खातं. पण हेलसिंकीपुढच्या समुद्रात नद्यांचं पाणी एवढं मिसळतं की किलोला ५-६ ग्रॅमच मीठ, म्हणून तो उणे ०.३ लाच गोठायला लागतो.

"मग गोठणारच की," आई म्हणाली, "अळणी समुद्र तो."

मुलीनं लगेच फ्रीजरमध्ये दोन वाट्या ठेवल्या. सकाळी गोड्या पाण्याचा दगड, आणि मिठाच्या वाटीत चमच्यानं खरवडता येईल असा भुगा, कारण बर्फ होताना मीठ बाहेर ढकललं जातं आणि ते खारट पाणी मधेमधे अडकून बसतं. गंमत म्हणजे समुद्राला गोठू न देणारं हेच मीठ कुल्फीवाला बर्फात टाकतो, तेव्हा बर्फ वितळता वितळता एवढी उष्णता ओढून घेतो की उणे २१ पर्यंत जाता येतं, आणि साच्यातली कुल्फी घट्ट.

तर हा उणे वीसवाला भाचा डिसेंबरात घरी आला. तिकडं घरात चोवीस तास हीटिंग, इथं घरात तेवढीच थंडी जेवढी गल्लीत, वर फरशी. दुसऱ्या दिवशी बघतो तर गादीएवढं जाड जॅकेट घालून पोहे खात बसलाय.

"मामा, बाहेरपेक्षा आत जास्त गार कसं काय ओ?"

मी काही बोलायच्या आत आई आतून ओरडली, "ते काढ आणि आंघोळीला जा आधी, पाणी निवलं तर मी परत बंब पेटवणार नाही."

गेला नाही तो. मी गेलो. त्याचं पाणी मला मिळालं.