दाखल्यावरचा लाल शब्द

काल संध्याकाळी भाच्याचा शाळा सोडल्याचा दाखला खिशात घालून साताऱ्याच्या गोलबागेच्या कट्ट्यावर गेलो. मुद्दामच नेला होता. सर साडेसहाला येतात, आणि सगळी नोकरी शाळेत काढलेल्या माणसाला विचारल्याशिवाय मला चैन पडणार नव्हतं.

कागद हातोहात फिरला. नाव, आईचं नाव, जन्मतारीख अक्षरी, सगळं निळ्या शाईत. ‘अभ्यासातील प्रगती’समोर ‘चांगली’. ‘वर्तणूक’समोर एकच शब्द, ‘असमाधानकारक’, आणि तेवढाच लाल शाईत.

झालं होतं ते असं. दहावीच्या सराव परीक्षेच्या आठवड्यात पोरानं वर्गातल्या एकाला मारलं. त्याचा पुढचा दात पडला. शाळेनं ताईला आणि दाजींना बोलावलं, माफीपत्र लिहून घेतलं, आठ दिवस घरी बसवलं. आम्हाला वाटलं, मिटलं. अकरावीला काही अडलं नाही, कारण तिथं यादी दहावीच्या मार्कांवर लागते. अडलं ते वसतिगृहाचा खर्च देणाऱ्या एका ट्रस्टपाशी. समोरच्यांनी दाखला पाहिला, लाल शब्दावर बोट ठेवलं, दोन प्रश्न विचारले आणि पुढच्या मुलाला बोलावलं. दाजी रिक्षा चालवतात. तो खर्च त्यांना झेपणारा नाही.

सर म्हणाले, “लिहिणाऱ्याचं चुकलं काय? छडी गेली, ती जायलाच हवी होती, मी छडीच्या बाजूचा कधीच नव्हतो. २००९ च्या शिक्षणहक्क कायद्यात सतराव्या कलमानं मारणंही बंद आणि मुलाचा मानसिक छळही बंद. सोळाव्या कलमानं आठवीपर्यंत कुणाला शाळेतून काढता येत नाही. हेही बरोबरच आहे. पण भरल्या वर्गात एखाद्यानं दुसऱ्याचा दात पाडला, तर मास्तरच्या हातात राहतं काय? हा एक रकाना.”

“रकाना असू दे ना सर,” वकील म्हणाला. “पण हेच प्रकरण पोलिसांत गेलं असतं तर या पोराचं भविष्य जास्त सुरक्षित राहिलं असतं, हे तुम्हाला पटतंय का?”

सगळे त्याच्याकडे बघायला लागले. त्यानं सांगितलं ते मी पहिल्यांदाच ऐकत होतो. २०१५ च्या बालन्याय कायद्याचं चोविसावं कलम. अठराच्या आतल्या मुलाच्या हातून गुन्हा झाल्याचं सिद्ध झालं, तरी त्यापायी पुढं त्याला कुठंही अपात्र ठरवता येत नाही. अपिलाची मुदत संपली की ठरावीक काळानं ते रेकॉर्ड नष्ट करायचं. अपवाद फक्त सोळावर वय असलेल्या आणि अतिगंभीर गुन्ह्यात प्रौढ म्हणून खटला चाललेल्यांचा. चौऱ्याहत्तरावं कलम तर पोलिसांनाच बजावतं की निकाली निघालेल्या प्रकरणातलं मुलाचं रेकॉर्ड चारित्र्याच्या दाखल्यासाठी कुणाला द्यायचं नाही.

“म्हणजे बालन्याय मंडळासमोर मुलाचं म्हणणं ऐकलं जातं, अपील असतं, आणि शेवटी पाटी पुसली जाते,” वकील म्हणाला. “इथं ना सुनावणी, ना अपील, ना मुदत. जन्माचा कागद आहे हा. जातीच्या दाखल्याला हाच, पासपोर्टला हाच.”

मला हेच म्हणायचं होतं, फक्त शब्द सापडत नव्हते. पण तेवढ्यात अण्णा बोलले. अण्णांचं पुस्तकांचं दुकान आहे, ते सहसा वादात पडत नाहीत.

“ज्याचा दात पडला त्याचा मामा कुठल्या कट्ट्यावर बसलाय?”

कुणी काही बोललं नाही. मीही गप्प बसलो.

मग सरांनी मुद्दा पुढं नेला. रॅगिंगविरोधी यूजीसीचे, म्हणजे विद्यापीठ अनुदान आयोगाचे, २००९ चे नियम आहेत. त्यांत कॉलेजात प्रवेश घेताना आधीच्या शाळेकडून मुलाच्या वागणुकीबद्दलचा दाखला आणायला सांगितलंय. “उगाच नाही आणलं ते. त्याच वर्षी मार्चमध्ये हिमाचलातल्या मेडिकल कॉलेजात सीनियर मुलांनी मारहाण केली आणि एक पोरगा जिवानिशी गेला. शाळांनी सगळ्यांनाच ‘चांगली’ लिहून मोकळं व्हायचं, मग पुढच्यांना कळायचं कसं?”

हे मला मान्य आहे. मनापासून मान्य आहे. पण मग काय झालं ते तरी लिहा. ‘असमाधानकारक’ या एका शब्दात गुटखा येतो, वर्गात सापडलेला मोबाइल येतो, चिठ्ठी देणं येतं, उलट उत्तर येतं आणि दात पाडणंही येतं. वाचणारा आपल्या मनातलं सगळ्यात वाईट तेच धरून चालतो. माझ्या भाच्यानं केलं त्याहून कमी कुणी लिहू नये. पण त्याहून जास्तही कुणी वाचू नये.

पलीकडे बसलेला एम. ए. करणारा पोरगा इतका वेळ ऐकत होता. तो म्हणाला, “काका, ‘गैरवर्तन’ हा शब्द कुठवर ताणतात बघा. अनुसूचित जातींच्या मॅट्रिकोत्तर शिष्यवृत्तीच्या नियमांत वर्षानुवर्षं छापलेलं होतं, मुलगा संपात सामील झाला तरी संस्थेच्या प्रमुखाच्या अहवालावरून शिष्यवृत्ती थांबवता येते. ज्याच्या घरी पैसा आहे त्याला लाल शेऱ्यानं काय होतं? डोनेशन भरून तो कुठंही जातो. शेरा बाधतो तो शिष्यवृत्तीवर शिकणाऱ्याला.”

वकिलाची बहीण न्यू जर्सीला असते. तिच्या मुलीनं कॉलेजांचे अर्ज भरले तेव्हा कळलेलं त्यानं सांगितलं. तिकडं शेकडो कॉलेजांसाठी कॉमन ॲप नावाचा एकच अर्ज चालतो. त्यात शाळेत कधी शिक्षा झाली का, हा प्रश्न असायचा. २०२१-२२ च्या अर्जांपासून त्यांनी तो समाईक भागातून काढला, कारण तिकडं शाळेत शिक्षा होण्याचं प्रमाण कृष्णवर्णीय मुलांत फार जास्त, आणि प्रश्न दिसला की कित्येक मुलं अर्ज अर्धवट सोडायची. एखाद्या कॉलेजला विचारायचंच असेल तर ते स्वतंत्रपणे विचारू शकतं.

सरांनी दाखला पुन्हा मागून घेतला. चष्मा कपाळावर सरकवून कागद डोळ्यांजवळ धरला आणि मला विचारलं, “माफीपत्र कुणाला लिहिलं होतं यानं?”

“शाळेला.”

“आणि त्या पोराला?”

मी तिथूनच ताईला फोन लावला. तिनं भाच्याला विचारलं. नव्हतं लिहिलं. नंतर दोघं एकमेकांशी बोललेच नव्हते.

“रविवारी सकाळी त्याला घेऊन ये,” सर म्हणाले. “आधी त्या पोराच्या घरी जायचं. अण्णा, तुम्ही पण चला.” अण्णांनी मान हलवली. “मग मुख्याध्यापकांना अर्ज. शेरा खोटा आहे असं एक अक्षर लिहायचं नाही. घटना काय, तारीख कुठली, शिक्षा कोणती झाली आणि ती भोगून झाली, एवढं शाळेच्या लेटरहेडवर मागायचं. ते दाखल्याला जोडून ट्रस्टला द्यायचं.”

अण्णांच्या दुकानाच्या पावतीमागं सरांनी मजकूर लिहायला घेतला. बागेतले दिवे लागले होते तरी अक्षर नीट दिसेना, म्हणून वकिलानं मोबाइलचा उजेड धरला. ट्रस्टची दुसरी यादी पंधरा तारखेला लागते.