कसली सवय?

आज दुपारी मामेबहिणीचा फोन आला. लग्नाला आठ महिने झालेत. संबंध आले की नंतर दोन-दोन दिवस खाली जळजळ, लघवीला बसलं की डोळ्यांत पाणी. धीर करून गायनॅककडे गेली, तर बाईंनी तपासलंही नाही. म्हणाल्या, "नवीन लग्न आहे, होईल सवय." कसली सवय? दुखण्याची?

मला आमचं बाथरूम आठवलं. लेक सात महिन्यांची होती. रात्री दीड वाजता स्टुलावर बसून मी अंगावर गार पाणी ओतत होते, टॉवेलचा कोपरा दातांत धरून. नवरा उठू नये म्हणून. आईला सांगितलं तर म्हणाली, बाईच्या जातीला सोसावंच लागतं. मी सोसलं, वर्षभर.

आणि कारण केवढं साधं! अंगावर पाजताना इस्ट्रोजेन हे हार्मोन कमी असतं, योनी कोरडी पडते. त्यात माझी बाळंतपणातल्या टाक्यांची जागा ओढायची. दुसऱ्या डॉक्टरांनी तपासून हे पाच मिनिटांत सांगितलं. संबंधाच्या वेळी ओलाव्यासाठी वॉटर-बेस्ड ल्युब्रिकंट जेल, अजिबात घाई नाही, आणि फिजिओथेरपिस्टने शिकवलेलं टाक्यांच्या जागेचं मालिश. एवढ्यासाठी वर्ष गेलं माझं.

मान्य, डॉक्टरांपुढे रांग असते. पण "नेमकं कुठे दुखतं?" एवढं विचारायला किती वेळ लागतो? खाज आणि दह्यासारखं पांढरं जाणं असेल तर बुरशीचा संसर्ग असू शकतो, शुगर असलेल्यांना तो पुन्हा पुन्हा होतो. आत ओटीपोटात ठणकत असेल तर एंडोमेट्रिओसिस (गर्भाशयाच्या अस्तरासारखा थर गर्भाशयाबाहेर वाढणं) किंवा गाठ आहे का ते बघावं लागतं. काहींचे स्नायूच भीतीने आवळून येतात. पाळी गेल्यावर तिथली त्वचा पातळ होते, त्यासाठी डॉक्टर क्रीम देतात. यातलं काय सवयीने बरं होणार आहे?

आणि ते सुगंधी वॉश आधी फेकून द्या गं! बाहेरून साधं पाणी पुरतं. खोबरेल लावत असाल तर कंडोमसोबत नको, लॅटेक्स फाटतं.

नवऱ्यावरही खूप राग होता माझा. पुढे कधीतरी तो म्हणाला, त्या रात्री मी जागाच होतो, दाराबाहेर उभा होतो, काय विचारायचं तेच कळेना. दाराच्या अलीकडे मी, पलीकडे तो. आत्ता लिहितानाही गळा दाटून आला.

बहिणीला सांगितलंय, जळजळ थांबेपर्यंत संबंध नकोत, बर्फ कापडात गुंडाळून बाहेरून थोडा वेळ धर. रक्त, ताप किंवा घाण वास असेल तर तिला तडक डॉक्टर गाठायला लावलं असतं. तसं नाहीये, म्हणून शनिवारी माझ्या डॉक्टरांकडे नेतेय. भावजींनाही घेऊन ये म्हटलंय. तपासणीला नाही, पण बाहेर ताटकळायलाही नाही. डॉक्टर बोलतील तेव्हा त्यांनी शेजारी बसायचं.