विजेची रेंज न जोडता आमचा माणूस परत का आला

ताई, नमस्कार. ‘पैसे घेतले, रेंज घरात आणून टाकली आणि न जोडताच माणूस निघून गेला, वर नव्या वायरिंगचा खर्च सांगितला’ असं तुम्ही लिहिलंत. घडलं तसंच आहे. शेगड्या आणि ओव्हन एकत्र असलेली ही विजेची रेंज विकतानाच तुमचं मीटर, वायरिंग विचारायला हवं होतं. मी विचारलं नाही, ती चूक माझी. माफी मागतो.

पण रेंज जोडली नाही म्हणून आमच्या माणसाला मी बोल लावणार नाही. तुमच्या ओट्याजवळ 16 अँपिअरचा सॉकेट आहे, मागे अडीचची, म्हणजे अडीच चौरस मिलिमीटर जाडीची वायर. 230 व्होल्टला त्यावर 3,680 वॅटपर्यंतच चालतं. तुमची रेंज चार शेगड्या आणि ओव्हन धरून 7,200 वॅटची, म्हणजे 31 अँपिअरच्या वर. शेजारच्या वायरमनने सांगितलं तसा टॉप (सॉकेटात खोचायचा प्लग) लावून दिला असता, तर एक-दोन शेगड्या चालल्याही असत्या. दिवाळीत फराळाला ओव्हन आणि शेगड्या एकदम लागल्या की एमसीबी, म्हणजे जास्त करंट गेला की आपोआप बंद होणारा स्विच, पडली असती. मग कोणीतरी तिथे मोठी एमसीबी बसवून देतं आणि भिंतीतली वायर तापत राहते. मला भीती त्याचीच वाटते.

सहाची सोडून दहाची वायर का, हेही विचारलंत. मीटरपासून ओटा 22 मीटर लांब आणि पाइप गच्चीवरून, उन्हात. भुसावळचा मे महिना तुम्हाला मी काय सांगू! पारा 45 ला टेकतो, पाइपात त्याहून जास्त. जागा जितकी गरम, तितका कमी करंट वायरला पेलतो.

म्हणून मीटरपासून थेट दहाची तांब्याची वायर, 40 ची वेगळी एमसीबी, करंट गळला की वीज तोडणारी 30 मिलिअँपिअरची आरसीसीबी आणि तपासलेली आर्थिंग. ओट्याजवळ टॉप नाही, डबल पोल आयसोलेटरला (फेज आणि न्यूट्रल दोन्ही तोडणाऱ्या स्विचला) पक्की जोडणी. काम परवानाधारक ठेकेदारानेच करायचं. तुमच्या बिलावर मंजूर भार 2 किलोवॅट आहे, तो वाढवायचा अर्ज महावितरणकडे आधी करावा लागेल.

रेंज नकोच असेल तर आमची गाडी येऊन घेऊन जाईल, पूर्ण रक्कम परत. ठेवायची असेल तर वायरिंगची मजुरी माझ्याकडे; सामान तुम्ही हव्या त्या दुकानातून आणा. अर्ज भरायला माणूस पाठवतो. कालपासून दुकानात रेंज विकण्याआधी वीजबिल आणि मीटरबोर्डाचा फोटो मागायला लागलोय. तुम्ही सांगाल त्या दिवशी मी स्वतः जळगावहून येतो.