‘पळय’ हे ‘पाहा’चं बिघडलेलं रूप नाही

नमस्कार, ‘पळय’वरच्या माझ्या लिखाणावर एवढी सविस्तर प्रतिक्रिया दिलीत त्याबद्दल थँक्यू, पण पटली अर्धीच. तुमचं म्हणणं दोन गोष्टींचं, एक म्हणजे आमच्या गोंयच्या कोकणीतलं ‘पळय’ हे मराठी ‘पाहा’चंच बिघडलेलं रूप, आणि दुसरं, प्राकृतचा व्याकरणकार हेमचंद्र, त्याने पाहण्याची सगळी क्रियापदं ‘दृश्’ (पाहणे) या संस्कृत धातूखाली घातलीयत तर मी ‘पळय’साठी ‘लोक्’ हा दुसरा धातू कुठून काढला.

‘पाहणे’ हे पश्य, मग प्राकृत ‘पास’, असं आलं हे मलाही मान्य, स-श चा ह आपल्याकडे होतोच, दशचं दहा झालं तसं. पण त्या ह चा पुढे ळ झालेला एक तरी शब्द दाखवा ना! ळ येतो दोन स्वरांमधल्या एकट्या ल पासून. संस्कृत काल म्हणजे वेळ, त्याचा झाला काळ, पण कल्यचा प्राकृतात कल्ल झाला, तिथे ल डबल, म्हणून आदल्या दिवसाला आपण अजून ‘काल’च म्हणतो. तेव्हा ‘पळय’मध्ये मुळात ल हवा, आणि तो आहे, प्रलोकयति, प्राकृतात पलोएइ, मधला क गळाला. ‘पळोवया’ (बघूया) म्हणताना तो ‘लो’ अजून ऐकू येतो की! म्हणजे हा तुमच्या ‘अवलोकन’चाच घरातला भाऊ, फक्त शाळेत न गेलेला.

आता हेमचंद्र. बाराव्या शतकातल्या त्याच्या व्याकरणात पेच्छ, देक्ख, पुलोअ, पास वगैरे ‘दृश्’चे आदेश म्हणून दिलेत हे खरं, पण आदेश म्हणजे त्या जागी येणारा शब्द, वंशावळ नव्हे. बदलीवर आलेला मास्तर आधीच्या मास्तरांचा मुलगा असतो का? त्याच यादीतला पेच्छ उघड उघड प्रेक्ष् आहे, आणि पुलोअ म्हणजे आपलंच प्रलोक्.

आणि प्लीज, गोव्याच्या १९८७ च्या राजभाषा कायद्याचं कोकणी-मराठी भांडण यात आणू नका, मी स्वतः मराठीत लिहितो, ळ ला त्यातलं काही कळत नाही.

एका ठिकाणी मात्र तुम्ही मला बरोबर पकडलंत. ‘पळय’चा ‘पळणे’शी संबंध असावा असं मी लिहून गेलो होतो, ते साफ चूक, पळणे आलं पलायते वरून, दोघांत ल होता म्हणून कानाला सारखे लागतात एवढंच. आमच्या पुण्याच्या भावोजींचंही तेच झालं, म्हापशाच्या शुक्रवारच्या बाजारात मासेवाली ‘पळय, पळय’ करत इसवण (सुरमई) दाखवत होती आणि हे पिशवी सावरून मागे बघतायत, बैल उधळला की काय म्हणून.